लेकराला हाणून वळण लागतं का? नेलकरंजी आणि वसईच्या घटनांनंतर आपल्या घरातला प्रश्न

जालना (ग्रामीण वार्ताहर) : "गुर्जी, कातडं तुमचं, हाडं आमची." आमच्या पिढीतल्या बहुतेकांच्या बापानं शाळेच्या दारात उभं राहून हे वाक्य एकदा तरी म्हणलेलं आहे. अर्थ सरळ होता. पोरगं शिकलं पाहिजे, त्यासाठी तुम्ही त्याला कितीबी हाणा, फक्त हाड मोडू नका. गुर्जीही ते मनावर घ्यायचे. लिंबाची फोक, लाकडी पट्टी, डस्टर, कोंबडा, उठाबशा, बोटांच्या बेचक्यात पेन्सिल धरून पिळणं, हे सगळं आम्ही खाल्लं. घरी सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर बाप विचारायचा, "तू काय केलं होतंस?" आणि वरून दोन रपाटे द्यायचा.

आता आम्हीच बाप झालो. फोक गेली, हातात मोबाईल आला, पण हात उचलायची सवय काही गेली नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रात दोन घटना अशा झाल्या की हा विषय पारावरच्या गप्पांत सोडून देण्यासारखा राहिला नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. मंडळी, शेवटपर्यंत वाचा. पटलं नाही तर पटलं नाही म्हणा, पण वाचा.

दोन घटना काय होत्या?

पहिली घटना सांगली जिल्ह्यातली. आटपाडी तालुक्यातलं नेलकरंजी गाव. आपल्यासारखाच दुष्काळी पट्टा. तिथली १७ वर्षांची मुलगी बारावीत शिकत होती, डॉक्टर व्हायचं म्हणून नीटची तयारी करत होती. दहावीला तिला ९० टक्क्यांच्या वर गुण होते. म्हणजे पोरगी हुशार. नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले. त्यावरून जून २०२५ मध्ये बापानं तिला घरात मारलं. जात्याच्या लाकडी खुंट्यानं मारल्याचं बातम्यांत आलं. दुसऱ्या दिवशी २१ जून, योग दिन होता. बाप शाळेतल्या योग दिनाच्या कार्यक्रमाला गेला, कारण तो स्वतः एका शाळेचा मुख्याध्यापक होता. पोरगी घरात तशीच पडून. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. आईनं पोलिसांत तक्रार दिली आणि बापाला अटक झाली.

दुसरी घटना वसईतली. सहावीतली मुलगी ८ नोव्हेंबर २०२५ ला शाळेत उशिरा पोहोचली. शिक्षा म्हणून तिला पाठीवर दप्तर घेऊन १०० उठाबशा काढायला लावल्या, असं घरच्यांचं म्हणणं. घरी आल्यावर तिची तब्येत बिघडत गेली. या दवाखान्यातून त्या दवाखान्यात करत मुंबईला नेलं, आणि १४ नोव्हेंबरच्या रात्री, म्हणजे नेमकी बालदिनालाच, ती गेली. शिक्षिकेवर गुन्हा दाखल होऊन अटक झाली.

दोन्ही प्रकरणांत दोष किती, शिक्षा किती, ते न्यायालय ठरवील. ते आपलं काम नाही. आपल्याला विचार करायचा तो वेगळ्या गोष्टीचा. नेलकरंजीचा बाप दारुडा नव्हता, अडाणी नव्हता. शेकडो लेकरं हाताखालून गेलेला मास्तर होता. वसईच्या शिक्षिकेनं तर काठीही उचलली नव्हती, उठाबशाच काढायला लावल्या होत्या. आपल्यातल्या कितीतरी जणांनी शंभर उठाबशा काढल्यात. म्हणजे जे आपण "एवढं तर चालतंच" म्हणतो, तिथूनच या दोन्ही गोष्टी सुरू झाल्या. लेकराला संपवायचं म्हणून कुणी हात उचलत नाही. सगळे वळण लावायलाच उचलतात. हात कुठं थांबंल हे मात्र उचलताना कुणालाच ठाऊक नसतं.

शाळेतल्या माराबद्दल कायदा काय म्हणतो?

शाळेपुरतं सांगायचं तर कायदा एकदम स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार कुठल्याही लेकराला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि मानसिक छळही करता येत नाही. तसं केलं तर शिक्षकावर सेवा नियमांनुसार कारवाई होते. मानसिक छळ म्हणजे काय? वर्गात सगळ्यांसमोर "तू मूर्ख आहेस, तू ढोरं वळायच्याच लायकीचा" म्हणणं, जातीवरून, बापाच्या धंद्यावरून टोमणे मारणं, हेही त्यातच आलं. हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या लेकरांसाठी आहे.

त्याच्याही आधी, डिसेंबर २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तिथल्या शाळांमध्ये छडी मारायची परवानगी देणारा नियम रद्द केला होता. शिवाय बाल न्याय कायदा २०१५ चा आहे. त्याच्या कलम ७५ प्रमाणे लेकरू ज्याच्या ताब्यात आहे त्यानंच त्याला मारलं, छळलं, तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणजे "गुर्जी, कातडं तुमचं" हे म्हणायचा अधिकार आता बापालाही राहिलेला नाही. आपण परवानगी दिली तरी गुर्जींना मारता येत नाही.

मास्तरांचंही ऐकून घेऊ

आता दुसरी बाजू. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी शिक्षकांशी बोलणं होतं. त्यांचं गाऱ्हाणं एकच असतं. हात लावला तर पालक भांडायला येतात, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतात. नाही लावला तर पोरं ऐकत नाहीत. दोन शिक्षकांवर चार वर्ग, वरून मतदार याद्या, ऑनलाईन माहिती, सर्वेक्षण. मागच्या बाकावरचं पोरगं शेजारच्याला लाथा घालतंय, त्याला काय करायचं? या गाऱ्हाण्यात खोटं काही नाही.

न्यायालयांनीही ही बाजू बघितली आहे. गोव्यातलं एक प्रकरण आहे. दुसऱ्या मुलीच्या बाटलीतलं पाणी प्यायलं म्हणून दोन लहान बहिणींना शिक्षिकेनं पट्टीनं मारल्याचा आरोप होता. बाल न्यायालयानं शिक्षिकेला दोषी धरलं. पण २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं तो निकाल फिरवला. शिस्त लावण्यासाठी शिक्षकाला थोडीफार कडक वागणूक करावी लागते, तेवढ्यावरून प्रत्येक वेळी गुन्हेगार ठरवलं तर शाळा चालवणं अवघड होईल, असा त्या निकालाचा रोख होता.

म्हणून एखादा मास्तर चिडून पाठीत धपाटा घालतो म्हणून लगेच त्याला जेलात टाका, असं माझं म्हणणं नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एखाद्या चुकीला गुन्हा म्हणायचं का, हा न्यायालयाचा प्रश्न. ती चूक आहे का, हा आपला प्रश्न. आणि मास्तरांच्या अडचणीचं खरं उत्तर छडी नाही. शिक्षकांच्या जागा भरा, वर्गाबाहेरची कामं कमी करा, हे ते उत्तर आहे. शासनानं जागा भरायच्या नाहीत आणि त्याचं ओझं तिसरीतल्या लेकराच्या पाठीवर काढायचं, हा कुठला हिशोब?

खरा मार घरात आहे

आपण शाळेवर लगेच बोट ठेवतो. पण केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १३ राज्यांतल्या १२ हजारांवर लेकरांशी बोलून तो केला, त्यात महाराष्ट्रही होता. दर तीन लेकरांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. घरात मार खाणाऱ्या लेकरांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त जणांना मारणारे आईबापच होते. शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्क्यांनी शाळेतही शिक्षा खाल्ली होती. अभ्यास जुना आहे, पण आपापल्या गल्लीत संध्याकाळी सात वाजता फेरी मारा आणि सांगा, चित्र किती बदललं?

आणि गंमत म्हणजे शाळेसाठी जसा स्पष्ट कायदा आहे, तसा घरासाठी नाही. आईबापानं मारू नये असं सरळ सांगणारा कायदा भारतात आजही नाही. उलट १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८९ होतं. १२ वर्षांखालच्या लेकराच्या भल्यासाठी, चांगल्या हेतूनं पालकानं किंवा पालकाच्या संमतीनं केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही, असं ते सांगायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी ही तरतूद कलम २७ म्हणून तशीच राहिली. याचा अर्थ कितीही हाणा असा नाही. जीव जाईल किंवा मोठी इजा होईल असं काही केलं तर गुन्हा आहेच. पण रोजच्या चापटीला, फोकेला कायदा हात लावत नाही. ते आपल्या अकलेवर सोडलंय.

बाहेरच्या जगात असं नाही. स्वीडननं १९७९ मध्येच घरातही लेकराला मारायला बंदी घातली. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. लोकांना कळावं म्हणून त्यांनी दुधाच्या पुड्यांवर त्याची माहिती छापली होती. आज साठच्या वर देशांत असा कायदा आहे. आणि कुणी म्हणेल ते श्रीमंत गोऱ्यांचे देश, तर शेजारचा नेपाळ बघा. आपल्यापेक्षा गरीब, डोंगराळ, शेतीवर जगणारा देश. त्यांनी २०१८ मध्ये हा कायदा केला.

"आम्ही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?"

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. मीही हाच विचारायचो. जरा प्रामाणिकपणे उत्तर देऊ.

माझ्यासोबत पहिलीला जे होते, त्यातले निम्मे दहावीपर्यंत पोहोचले नाहीत. काहींना घरच्या गरिबीनं थांबवलं, हे खरं. पण दोघं-तिघं मला पक्के आठवतात, जे गणिताच्या तासाच्या भीतीनं उसात लपून बसायचे. सहावी-सातवीत शाळा सोडली ती कायमची. आज त्यांना विचारलं तर तेही म्हणतील, मार खाल्ला पाहिजे होता, आम्हीच पळालो. जो शिकला तो म्हणतो माराने शिकलो. जो पळाला तो म्हणतो मी नालायक होतो. दोन्हीकडून छडी सुटते! कोण माराने शिकला आणि कोण मार असूनही शिकला, याचा हिशोब कुणी ठेवलाच नाही.

हा हिशोब बाहेर काही जणांनी ठेवलाय. अमेरिकेत दोन विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मागच्या ५० वर्षांतले अभ्यास एकत्र करून बघितले. सगळे मिळून दीड लाखाहून जास्त लेकरं त्यात होती. जबर मारहाण त्यांनी बाजूला ठेवली, फक्त चापट-धपाटा एवढाच मार घेतला. निघालं काय? जास्त मार खाणारी लेकरं जास्त हट्टी, जास्त मारकुटी, जास्त दबलेली. पुढं जाऊन जास्त ऐकतात असं काही दिसलं नाही.

इथं एक शंका रास्त आहे. पोरगं आधीच वांड असेल म्हणून त्याला मार जास्त मिळत असेल, मग मारामुळं ते वांड झालं असं कसं म्हणायचं? शंका बरोबर आहे, आणि असल्या अभ्यासात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे शंभर टक्के वेगळं करता येत नाही. पण एक गोष्ट बघा. मार हे औषध असतं तर एवढ्या अभ्यासांत कुठंतरी त्याचा गुण दिसायला पाहिजे होता. पन्नास वर्षं एखादं खत टाकून उतारा वाढत नसेल, उलट जमीनच कडक होत असेल, तर आपण ते खत टाकू का? शेतकरी माणूस एका हंगामात सोडून देईल.

काही जण साने गुरुजींचं नाव घेतात. श्यामची आईसुद्धा श्यामला मारते म्हणतात. खरंय, पोहायला जात नाही म्हणून ती माय त्याला फटके देते. पण पुढचं वाचा ना. नंतर लेकराच्या अंगावरचे वळ बघून तिच्या पोटात तुटतं. १९३३ मध्ये नाशिकच्या जेलात बसून गुरुजींनी ते पुस्तक लिहिलं. इतक्या वर्षांनंतर त्यांच्या लक्षात राहिली ती आईची माया. फटके त्या मायेमुळं माफ झाले. आपण मात्र फटके तेवढे उचलतो आणि माया विसरतो.

आणि न मारता शिकवणं ही परदेशातून आलेली खुळं आहेत, हेही खोटं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढं कोसबाडला आदिवासींच्या लेकरांसाठी बालवाड्या चालवल्या. ढोरं वळणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे पोरगं शाळेत येत नाही तर शाळाच कुरणात नेली. आज आपल्या प्रत्येक गावात अंगणवाडी आहे, तिच्या मुळाशी या बायांचं काम आहे. पळणाऱ्या पोराला बांधून हाणायची रीत त्यांना जमली असती. त्यांनी शाळा आवडंल अशी केली.

माझ्या घरातली गोष्ट

लोकांना शहाणपण सांगायच्या आधी आपलं सांगावं. म्हणून सांगतो.

माझं पोरगं तेव्हा नऊ वर्षांचं. लाईट रात्री यायची, मोसंबीला ठिबकनं पाणी चालू होतं. तासाभरानं व्हॉल्व्ह फिरव म्हणून त्याला सांगून मी गावात गेलो. ते मोबाईलवर गेम खेळत बसलं. मी आलो तर सगळं पाणी एकाच पट्ट्यात, विहिरीनं तळ गाठलेला. त्या वर्षी पाण्याचे काय हाल होते हे मोसंबीवाल्यांना सांगायची गरज नाही. हाताशी ठिबकच्या नळीचा तुकडा होता. तोच घेतला. किती मारलं हे मोजलं नाही. बायको मध्ये पडली तेव्हा थांबलो.

पोरगं सुधारलं. एकदम शहाणं झालं. सांगितलेलं काम करायचं, समोर यायचं नाही. मला वाटलं, बघा, वळण लागलं.

तीन-चार महिन्यांनी माझ्या आईनं त्याला अंघोळ घालताना पोटरीवर जखम बघितली. खपली धरलेली, दाताचे वण. विचारलं तर बोलंना. आईनं जवळ घेऊन विचारलं तेव्हा रडत सांगितलं. चार दिवसांपूर्वी मोकाट कुत्रं चावलं होतं. जिकडं जायचं नाही म्हणून मी दम दिला होता, तिकडं गेलं होतं. "पप्पा मारतील" म्हणून चार दिवस कुणाला बोललं नाही. चड्डी सोडून फुल पॅन्ट घालून फिरलं.

कुत्र्याच्या चावण्याचं काय असतं हे गावात सगळ्यांना माहीत आहे. रेबीज एकदा अंगात उठला की माणूस वाचत नाही म्हणण्यासारखंच आहे. लस वेळेवर घेतली तरच उपाय. त्याच दुपारी त्याला दवाखान्यात नेलं, सुयांचा कोर्स पूर्ण केला. देवाच्या कृपेनं काही झालं नाही. पण ते चार दिवस मला आजही झोपू देत नाहीत. माझ्या लेकराला पिसाळलेल्या कुत्र्यापेक्षा बापाची भीती जास्त वाटली. हे वळण मी लावलं होतं.

मारानं चूक थांबत नाही, चूक सांगणं थांबतं, हे मला त्या दिवशी कळलं. आज कुत्रं असेल. उद्या पोरगी असेल, रस्त्यात कुणी त्रास देत असेल आणि ती घरी बोलणार नाही, कारण बाप आधी तिलाच हाणील आणि मग शाळा बंद करील. परवा बारावीतलं पोरगं असेल, गुण कमी पडले म्हणून घरी यायलाच घाबरेल. तोंड उघडायला घाबरणारं लेकरू संकटात एकटं पडतं. बापाला त्यातलं काही कळतच नाही, त्याला वाटतं पोरगं शहाणं झालं.

राग कशाचा, निघतो कुणावर?

आणखी एक खरं बोलू. लेकराला मार बसतो तो बहुतेक वेळा त्याच्या चुकीच्या मापानं नसतो, आपल्या दिवसाच्या मापानं असतो. सोयाबीनला भाव नाही, कपाशीत पाणी साचलं, बँकेची नोटीस आली, सावकार दारात येऊन गेला. यातल्या कुणावर आपला हात उचलत नाही. भाव पाडणाऱ्यावर नाही, ढगावर नाही, मॅनेजरवर नाही. मग संध्याकाळी लेकराच्या हातून दुधाचं पातेलं सांडतं आणि सगळा हिशोब तिथं चुकता होतो. ज्या दिवशी पट्टी चांगली मिळाली, त्या दिवशी तेच पातेलं सांडलं तर आपण हसतो. म्हणजे शिक्षा कशाची होती? दुधाची नव्हतीच.

बायांचंही तसंच. दिवसभर खुरपून आलेली माय, चूल पेटवायची, सासूचं ऐकायचं, आणि त्यात लेकरू किरकिर करतं. तिचा हात उठतो, मग रात्री तीच लेकराच्या अंगावरून हात फिरवत बसते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा तालुक्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. लेकरं आजी-आजोबांकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात. सत्तरीच्या आजीला तीन नातवंडं आवरायची, तिच्याकडं काठीशिवाय काय आहे? म्हणून मारणाऱ्या प्रत्येकाला राक्षस म्हणायची माझी तयारी नाही. पण थकवा हे कारण झालं, हक्क नाही झाला.

आणि आता त्यात नीट आलं. २०२५ मध्ये देशभरातून २२ लाखांवर पोरं नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे वीस लाख पोरांना जागा मिळणारच नव्हती, त्यांनी कितीही अभ्यास केला तरी. आपल्याकडून लातूरला, छत्रपती संभाजीनगरला पोरं क्लासला जातात. कुणी त्यासाठी एकर विकतो, कुणी कर्ज काढतो. मग सराव परीक्षेचा प्रत्येक गुण बापाला पैशात दिसायला लागतो. नेलकरंजी इथून लांब आहे, असं समजू नका.

मग करायचं काय?

"मारायचं नाही तर काय आरती ओवाळायची?" असं कुणी विचारील. नाही. लेकराला धाक पाहिजे, शिस्त पाहिजे. फक्त धाक माराचाच असतो हे डोक्यातून काढायचं. मी जे करून बघितलं आणि इतरांकडं बघितलं ते सांगतो.

एक, राग आला की जागा सोडायची. मी सरळ गोठ्यात जातो. दहा मिनिटं ढोरांना वैरण टाकतो. परत येईपर्यंत निम्मा राग उतरतो. मग जे बोलायचं ते बोलतो.

दोन, शिक्षा चुकीला जोडलेली पाहिजे. पाणी वाया घातलं, तर दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत उभं राहून व्हॉल्व्ह फिरवायचे. मोबाईलमुळं काम राहिलं, तर दोन दिवस मोबाईल बंद. आणि तो माझाही बंद! ही शिक्षा माराहून जास्त लागते, आणि त्यातून पोरगं काम शिकतं.

तीन, नियम आधी सांगायचा. आपण बहुतेक वेळा चूक झाल्यावर नियम सांगतो. आणि एकदा सांगितला की रोज तोच. आज हसायचं आणि उद्या त्याच गोष्टीला हाणायचं, यानं लेकरू गोंधळतं. ते नियम शिकत नाही, आपला मूड ओळखायला शिकतं.

चार, खरं सांगितलं की शिक्षा कमी. आमच्या घरात आता ठरलंय. चूक करून स्वतः येऊन सांगितलं तर ओरडणं नाही. सुरुवातीला पोराचा विश्वास बसला नाही. सहा महिने लागले. आता येऊन सांगतं.

पाच, तीन वर्षांखालच्या लेकराला तर कधीच नाही. त्याला कशाबद्दल मार बसला हे कळतच नाही. आणि कुणाच्याही कानाखाली नको. कानाचा पडदा फाटू शकतो, लेकराला कमी ऐकू येऊ शकतं.

हे सगळं करूनही कधी हात उठेल. माझाही एकदा उठला. तेव्हा नंतर लेकराला जवळ घेऊन "माझं चुकलं" म्हणायचं. बापानं माफी मागितली म्हणून बापाचा मान जात नाही. मी मागून बघितली.

जास्त होत असेल तर कुठं सांगायचं?

शाळेत लेकराला मार बसत असेल तर आधी मुख्याध्यापकांशी शांतपणे बोला, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायच्या आधी. तिथं नाही झालं तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असायला पाहिजेत. ही समिती फक्त सह्या करायला नाही. तिथं हा विषय घ्या. त्यापुढं तालुक्याला गटशिक्षणाधिकारी.

शेजारी एखाद्या लेकराला रोज बेदम मार बसतोय, अंगावर वळ दिसतात, डाग दिसतात, तर "त्यांच्या घरातलं आहे" म्हणून गप्प बसू नका. १०९८ हा लेकरांसाठीचा फोन नंबर आहे, पैसे लागत नाहीत. पोलिसांसाठी ११२. जिल्ह्याला बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. आपल्या गावातली कागदावर आहे की खरंच बसते, हे येत्या ग्रामसभेत एकदा विचारा. सरपंच साहेबांना राग येईल, येऊ द्या.

शेवटचं. परीक्षेचे निकाल येतात तेव्हा कुणाला नव्वद पडतील, कुणाला पस्तीस. पस्तीसवालं पोरगं घराकडं येताना रस्त्यात पाय ओढत येईल. त्या वेळी दारात उभं राहून आपण काय म्हणणार, हे आजच ठरवून ठेवा. "आलास का, जेवून घे, मग बघू" एवढं म्हणलं तरी पुष्कळ आहे. गुण पुढच्या वेळी वाढवता येतात.